किड्यांचे डाग आणि दोन भाषांतला ‘अवसर’

दिवाळी झाली की आपल्याकडच्या गाड्या रस्त्याला लागतात. कुणाच्या घरी लग्न, कुणाची खरेदी, कुणाचा कुलदैवताचा नेम. आमच्या घरची एक फेरी ठरलेली असते, ती सुरतेची. आमचे दाजी तिथल्या कापड बाजारात आहेत. अक्काला तिथे राहून वीस वर्षं झाली, तरी इथला कुंदा नेल्याशिवाय ती घरात घेत नाही.

बेळगावहून सुरत साडेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे. गंमत अशी की दोन्ही गावं एकाच महामार्गावर येतात. पूर्वी आपल्याकडचा हायवे चार नंबरचा आणि मुंबईच्या पुढचा आठ नंबरचा होता. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले आणि चेन्नईपासून दिल्लीपर्यंतचा हा सगळा रस्ता ४८ नंबरचा झाला. निपाणीपासून कराडपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. वलसाड-नवसारीकडे आंब्या-चिकूच्या वाड्या. सुरत जवळ आली की पलसाणा-बारडोली भागात पुन्हा ऊस. जिथे पीक आणि पाणी, तिथे किडे आलेच. पावसाळा संपल्यापासून थंडी स्थिरावेपर्यंत त्यांचा सुकाळ असतो. दिवस मावळताना या पट्ट्यातून गाडी गेली की काच, बॉनेट आणि बंपर चिलटांनी, पाखरांनी भरून जातात. आमच्या सासूबाई कानडी घरच्या. त्या गाडीकडे बघून एवढंच म्हणतात, “एष्ट हुळ री इव!” किती हे किडे!

पुष्कळांना वाटतं, किडाच तो, पुसला की गेला. तसं नसतं. किड्याच्या अंगातला रस हा प्रथिनांचा असतो आणि त्याचं कवच चिवट असतं. इंजिनाच्या नि उन्हाच्या उष्णतेने तो रस रंगावर वाळून घट्ट बसतो. पुढे तो कुजायला लागला की आम्ल होत जातो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ‘लव्हबग’ नावाच्या काळ्या माश्यांचे थवे वर्षातून दोनदा उठतात. त्यांचा चेंदा साधारण एका दिवसात चांगलाच आम्ल होतो, असं तिथल्या तपासणीत दिसलं आहे. हे आम्ल गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थराला लागतं. त्याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चकाकी ती याच थराची. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. आम्लाने त्यावर खड्डा पडला की किडा निघून जातो आणि त्याचा आकार मागे राहतो.

तेव्हा डाग काढायला उशीर करून चालत नाही. पण घाई केली तर नुकसान त्याहून मोठं होतं. इथे मला आपल्या दोन भाषांतला एक शब्द आठवतो. मराठीत ‘अवसर’ म्हणजे सवड, संधी. कानडीत ‘अवसर’ म्हणजे घाई, गडबड. शब्द एकच आणि अर्थ अगदी उलटे! घरात दोन्ही भाषा असल्या की यावरून थट्टा होतेच. गाडीवरच्या किड्यांना मराठी अवसर द्यावा, कानडी अवसर करू नये, असं मी घरच्यांना सांगत असते. सुदैवाने ‘सावकाश’ हा शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाचा आहे.

भाकरी झाल्यावर परातीला पीठ वाळून बसतं. ते आपण लगेच खरवडायला जात नाही, परात भिजत घालतो. दहा मिनिटांनी पीठ आपसूक सुटतं. गाडीचंही तंत्र हेच आहे.

मुक्कामाला पोचलं की आधी गाडी सावलीत उभी करून बॉनेट निवू द्यावं. मग भरपूर पाणी सोडून वरची धूळ वाहून जाऊ द्यावी. जुना सुती टॉवेल पाण्यात भिजवून किड्यांच्या जागी पसरून ठेवावा. पाच-दहा मिनिटं पुरतात. टॉवेल वाळायला लागला तर पुन्हा ओला करावा. त्यानंतर बादलीत गाडीचा शाम्पू कालवून मऊ कापडाने, जोर न लावता, एकाच दिशेने पुसत यावं. डाग सुटला नाही तर पुन्हा भिजवावं. दाबून घासू नये. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या मऊ कापडाने टिपून घ्यावं. बोअरच्या जड पाण्याचे थेंब तसेच वाळू दिले तर त्यांचे पांढरे ठिपके पडतात.

काय वापरू नये, ही यादी मोठी आहे. नारळाचा काथ्या, भांड्यांची हिरवी घासणी, तारेचा चोथा, ब्लेड, नखं यांपैकी काहीही रंगाला लावू नये. रॉकेल, पेट्रोल, थिनर तर नकोच. हेडलाइट आता काचेचे नसून प्लॅस्टिकचे असतात. थिनरने ते कायमचे पांढुरके होतात. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण एखाद्या वेळी चालून जातो, पण रोज वापरला तर रंगावरचं मेण उतरतं. हट्टी डागांसाठी दुकानात ‘बग रिमूव्हर’ मिळतो. त्याच्या बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त तो ठेवू नये आणि उन्हात लावू नये. एवढं करूनही खूण उरली तर ती रंगात उतरलेली आहे असं समजावं आणि चांगल्या कारागिराकडून पॉलिश करून घ्यावं. पॉलिश म्हणजे थर थोडा घासून कमी करणं, म्हणून ते वरचेवर करायचं काम नाही.

दाजींच्या सोसायटीत भल्या सकाळी एक मुलगा गाड्या पुसायला येतो. दहा-बारा गाड्या आणि बादली एकच. पहिल्या गाडीची धूळ शेवटच्या गाडीवर कापडातून फिरते. त्यात त्या मुलाचा दोष नाही. त्याला महिन्याला मिळतं ते किती! पण प्रवासाहून आलेल्या गाडीवर सुकं कापड फिरलं की धुळीचे कण रंगावर बारीक जाळं काढतात, आणि उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखं चमकतं. म्हणून पोचल्या रात्रीच टॉवेल भिजवून ठेवणं बरं आणि सकाळी त्या मुलाला “आज ही गाडी राहू दे” म्हणून सांगणं बरं. त्याचे पैसे कापू नयेत.

कापडाचा विषय निघाला की दाजी खुलतात. सुरत म्हणजे कृत्रिम धाग्याच्या कापडाचं मोठं केंद्र. गाडीसाठी जे मायक्रोफायबर वापरतात तेही पॉलिएस्टर आणि नायलॉनचंच. मग जुनी सिंथेटिक साडी का चालू नये, असं मी विचारलं. त्यांनी दोन्ही कापडं माझ्या तळहातावर घासून दाखवली. साडीचा धागा गुळगुळीत आणि विणलेला सपाट. ती धूळ उचलत नाही, नुसती सरकवते. मायक्रोफायबरचा धागा चिरून अतिबारीक केलेला असतो; तो धूळ आपल्या पोटात ओढून घेतो. जरीच्या काठाचं कापड तर गाडीजवळ नेऊच नये. मायक्रोफायबर इतर कपड्यांबरोबर धुऊ नये, त्याला कपडे मऊ करणारं द्रव लावू नये आणि एकदा जमिनीवर पडलं की धुतल्याशिवाय वापरू नये.

आता काचेविषयी. रंगाचा प्रश्न पैशाचा असतो, काचेचा जिवाचा. रात्री काचेवर किडे आपटले की हात आपोआप वायपरकडे जातो. सुका वायपर फिरला की किड्यांचा रस पसरून काच पांढरट होते आणि समोरच्या ट्रकचा दिवा त्यात फुटून रस्ताच दिसेनासा होतो. आधी पाण्याचा फवारा भरपूर मारावा, मगच वायपर. निघण्यापूर्वी फवाऱ्याची टाकी काचेच्या शाम्पूने भरून घ्यावी आणि चिरलेली रबरं बदलावीत. तरी काच सुटत नसेल तर पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर थांबून ती हाताने धुवावी. पंधरा मिनिटं उशीर झाला तर कुणाचं लग्न अडत नाही. जाळीतून आत गेलेले किडे एसीच्या आणि रेडिएटरच्या पात्यांत अडकतात; ते हलक्या धारेने काढावेत. जोराच्या पंपाने ती नाजूक पाती वाकतात.

डाग पडूच नयेत म्हणून काय करता येईल? प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी गाडी धुऊन चांगलं मेण लावावं. किडे त्यावरही आपटतात, पण चिकटून बसत नाहीत. ज्यांना परवडतं ते बॉनेट-बंपरला पारदर्शक फिल्म लावून घेतात. दगडांपासूनही ती वाचवते. तेल किंवा रॉकेलचा हात फिरवणं हा उपाय नव्हे, त्यावर उलट धूळ बसते. सगळ्यात स्वस्त उपाय वेगाचा. आपटण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. तेव्हा दिवस मावळतानाचा तास-दीड तास उसाच्या आणि नदीच्या पट्ट्यात गाडी हळू ठेवावी, नाहीतर सरळ चहाला थांबावं. किड्यांची गर्दी तेव्हाच सर्वांत जास्त असते.

शेवटी एक गोष्ट, जी मी मुलांना वर्गातही सांगते. जर्मनीतल्या राखीव क्षेत्रांत २७ वर्षांत उडणाऱ्या किड्यांचं एकूण वजन तीन चतुर्थांशाहून जास्त घटलं, असा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. डेन्मार्कमध्ये तर १९९७ ते २०१७ पर्यंत गाडीच्या काचेवर आपटणारे किडे मोजले गेले. तेही ८० टक्के किंवा त्याहून जास्त कमी झालेले आढळले. पलसाण्याजवळ काच भरली की आमच्या घरात कुरकुर होते, पण शेत जिवंत असल्याची ती एक पावतीही आहे. आंब्याचा मोहोर फळाला येतो तो या माश्या-किड्यांच्याच जिवावर. म्हणून त्यांना थोडं हळू जाऊन वाचवावं, आणि जे वाचले नाहीत त्यांचे डाग त्याच रात्री भिजवून काढावेत. गाडी सुरू करताना सासूबाई मागच्या सीटवरून म्हणतात ते दोन शब्द दोन्ही कामांना पुरतात: “सावकाश होग्री.”