धावपट्टी कोणाची, जबाबदारी कोणाची?

भिगवण, इंदापूर, बारामतीच्या शेतकऱ्यांना डोक्यावरून जाणाऱ्या शिकाऊ विमानांची घरघर नवी नाही. 25 जुलै 2022 रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात असे एक विमान कोसळले. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन कोसळली. माणसे वाचली आणि इशारेही विसरले गेले. 28 जानेवारी 2026 रोजी मात्र बारामतीच्या धावपट्टीपाशी लिअरजेट 45 हे भाडोत्री जेट कोसळून उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जणांचा अंत झाला. राजकीय मतभेद मृत्यूपाशी संपतात. प्रश्न संपत नाहीत.

कारणाचा निवाडा चौकशीनेच करावा. पण केंद्र शासनाच्याच निवेदनानुसार हा विमानतळ अनियंत्रित होता. वैमानिकांना माहिती पुरवीत ती प्रशिक्षण संस्थांतील मंडळी. त्या सकाळी दृश्यमानता सुमारे 3,000 मीटर सांगण्यात आली. डोळ्यांनी पाहून उड्डाण करण्यास नियमाने 5 किलोमीटर लागते. पहिल्या खेपेस धावपट्टी दिसली नाही. दुसऱ्या खेपेस विमान कोसळले.

आधुनिक जेटमध्ये स्वयंचलित चालक असतो, म्हणून यंत्र सांभाळून घेईल अशी समजूत रूढ होते. परंतु अंधुक हवेत विमानाला धावपट्टीपर्यंत अचूक उतरविणारे रेडिओ-संकेत जमिनीवरून यावे लागतात. बारामतीत ती यंत्रणा नव्हती. 2009 मध्ये एअर फ्रान्सच्या विमानात वेगमापक नळ्या बर्फाने चोंदल्या, स्वयंचलित चालक बंद पडला, गोंधळलेल्या वैमानिकांना विमान सावरता आले नाही आणि 228 माणसे बुडाली. यंत्र कुशल माणसाचे साहाय्यक आहे, त्याचा पर्याय नव्हे.

मग जमिनीवरची यंत्रणा उभारायची कोणी? 2009 मध्ये राज्य शासनाने बारामतीसह पाच विमानतळ खासगी कंपनीकडे भाडेपट्ट्याने सोपविले. धावपट्टी विकासाचे भूषण ठरली. नियंत्रक आणि हवामान निरीक्षक हा मात्र खर्च ठरला. देखरेखीची तऱ्हाही तीच. परवाने देणारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि अपघातांची चौकशी करणारा विभाग, दोन्ही एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली. ज्याच्या कारभाराची तपासणी व्हावयाची, त्याच्याच घरात तपासनीस नांदतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. चौकशी विभाग मंत्रालयापासून स्वतंत्र करून संसदेला जबाबदार करा. प्रशिक्षित नियंत्रक आणि हवामान निरीक्षण नसेल तेथे भाडोत्री जेट उतरू देऊ नका. आणि हवा बिघडली असता 'आज उतरणार नाही' असे म्हणणाऱ्या वैमानिकाच्या नोकरीला कायद्याचे संरक्षण द्या. वैमानिक हाही अखेर कामगारच आहे. मालकाला किंवा मंत्र्याला नकार देण्याचा त्याचा हक्क हेच प्रवाशाचे पहिले कवच होय. ही सुरक्षितता मंत्र्यासाठी मागायची तशीच कडबनवाडीच्या शेतात राबणाऱ्या माणसासाठीही. आभाळ दोघांच्याही डोक्यावर एकच आहे.