आरोपीची बाजू ऐकण्याची भीती

शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' 1967 साली आली, तेव्हापासून एक आक्षेप तिची पाठ सोडत नाही. महाभारतातला कर्ण भर सभेत द्रौपदीला वेश्या म्हणतो, तिची वस्त्रं उतरवायला सांगतो. कादंबरीने त्यालाच बोलायला लावलं आणि मराठी वाचक त्याच्यासाठी रडला. म्हणजे ज्याच्या तोंडी गोष्ट, त्याला सगळं माफ! याच्याही पुढे जाऊन काही जण म्हणतात की, वाईट कृत्य करणाऱ्याची बाजू मांडणंच मुळात घातक. आज समजून घ्याल, उद्या पाठीशी घालाल.

आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. निवेदक ठरला की वाचकाचा जीव कुठे गुंतणार हे बरंचसं ठरून जातं. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण बोलतात. द्रौपदी त्यांत नाही. सभेत तिच्यावर जे गुदरलं, ते तिच्या तोंडून आपण ऐकतच नाही. खांडेकरांच्या 'ययाति'तही ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली कैफियत मांडतात. बापाचं म्हातारपण अंगावर घेणाऱ्या पुरूला मात्र स्वतःचं निवेदन नाही.

पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला साफ अमान्य आहे. द्रौपदी ऐकू येत नसेल तर तिला बोलू द्यावं. त्यासाठी कर्णाचं तोंड कशाला दाबायचं? त्याच 1967 साली इरावती कर्वे यांचं 'युगान्त' प्रसिद्ध झालं. त्यात कर्णावर लेख आहे, तसा द्रौपदीवर आहे, गांधारीवर आणि कुंतीवरही आहे. ही दोन्ही पुस्तकं वाचणारा माणूस सूतपुत्राच्या अवहेलनेने कळवळू शकतो आणि सभेतल्या त्याच्या शब्दांबद्दल त्याला दोषीही धरू शकतो. हे दोन्ही एका मनात मावत नाही असं मानणं हा वाचकाचा अपमान आहे.

समजून घेणं म्हणजे पाठीशी घालणं, हे तर आपल्याच इतिहासाने खोटं ठरवलं आहे. 1881 साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर स्वतःच्या नवजात मुलाला मारल्याचा खटला चालला. आधी फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करण्यात आली. वर्तमानपत्रांत विधवांच्या चारित्र्यावर रकानेच्या रकाने भरले. लिहिणाऱ्यांना आपण निःपक्षपाती आहोत असंच वाटत असणार. पण ते जिथे उभे होते, तिथून आरोपीच्या पिंजऱ्यातली बाई तेवढी दिसत होती. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी आपली जागा बदलली. त्या पिंजऱ्यापाशी, त्या बाईच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि 1882 साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. त्या जागेवरून त्यांना सोवळी केलेली, पुनर्विवाहाची वाट बंद असलेली तरुण बाई दिसली आणि तिला फसवून नामानिराळा राहिलेला पुरुषही दिसला. ताराबाईंवर टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुले यांनी 1885 मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली.

फुले दांपत्याने तर हे काम त्याआधीच, लेखणीपलीकडे जाऊन केलं होतं. 1863 साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं: विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल हवं तर सोबत न्यावं, नाहीतर इथेच ठेवावं. 1874 मध्ये तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. इथे क्षणभर थांबून विचार करावा. आईच्या बाजूने पाहिलं म्हणून फुल्यांना बाळाचा विसर पडला का? उलट बाळ जगलं ते त्यामुळेच. कायदा मेलेल्या मुलाचा न्याय करत होता. या घराने जिवंत मूल वाचवलं. बाईला त्या टोकापर्यंत काय नेतं हे ज्यांना कळलं, त्यांनाच तिला वाटेत थांबवता आलं.

हे सगळं जुनं झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आजची बातमी पाहावी. कचराकुंडीपाशी किंवा मंदिराच्या पायरीवर अर्भक सापडतं. कपड्यात गुंडाळलेलं, नाळही नीट न कापलेली. दुसऱ्या दिवशी मथळा येतो तो 'निर्दयी माते'चा. आई कोण हे अजून पोलिसांनाही ठाऊक नसतं, तरी तिचा निर्दयपणा छापून मोकळे. बाप बातमीत कुठेच नसतो. बारा वर्षांखालचं मूल टाकून देण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 93 मध्ये आहे आणि त्यात बाप आणि आई दोघांचाही उल्लेख आहे. कायद्याला जो बाप दिसतो, तो बातमीदाराला दिसत नाही, कारण बातमीदार आजही 1881 च्याच जागेवर उभा आहे. ते मूल गारठून मेलं तर तो गुन्हाच आहे, त्याला शिक्षा व्हावी, यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्या मथळ्याने पुढचं मूल वाचत नाही. तसाच प्रसंग आलेली एखादी मुलगी तो मथळा वाचून आणखी खोल लपते.

बाल न्याय कायदा, 2015 नुसार मूल सांभाळणं अशक्य झालेल्या आईबापांना ते बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवता येतं आणि निर्णय बदलायला दोन महिन्यांची मुदत मिळते. हे किती जणींना माहीत आहे? माझी मराठी वृत्तपत्रांना विनंती आहे की, अशा बातमीतून 'निर्दयी' हे विशेषण काढा आणि त्या जागी आपल्या जिल्ह्यातल्या बालकल्याण समितीचा पत्ता छापा.