जाहिरातींतील हात

मासिक घरांत आलें कीं मुलें प्रथम चित्रें पाहतात, आणि त्यांतलीं ठळक चित्रें बहुधा जाहिरातींचींच असतात. जाहिरात उघड उपदेश करीत नाहीं. म्हणूनच तिचा उपदेश मनांत खोल मुरतो.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनीं १९७९ सालच्या आपल्या ग्रंथांत शेकडों छापील जाहिराती मांडल्या. पुरुषाचा हात वस्तु घट्ट धरतो, स्त्रीचा तिला नुसता स्पर्श करतो. पुरुष समजावून सांगतो, स्त्री ऐकते, असें त्यांनीं दाखवून दिलें.

आपल्याकडे १९४१ सालीं लक्स साबणाच्या जाहिरातींत श्रीमती लीला चिटणीस आल्या. बाई पदवीधर, परंतु साबणास त्यांची कांति हवी होती, विद्या नव्हे.

१९८६ चा कायदा स्त्रियांच्या असभ्य चित्रणास बंदी करतो. पण हंसतमुखानें एकटीच धुणें धुणारी गृहिणी असभ्य कशी म्हणावी? ती त्या जाळ्यांतून सहज सुटते. भारतीय जाहिरात मानक परिषदेनें जून २०२२ मध्यें तत्त्वें ठरविलीं, त्यांत हें छिद्र ओळखलें आहे: घरकाम करणारी स्त्री दाखविण्यास हरकत नाहीं, मात्र तें काम सदैव तिचेंच, असें सुचवूं नये.

वाचकहो, हा नियम जाहिरातींपुरता झाला. पंगत उठल्यावर खरकटें कोण काढतें, हें चित्र मुलें घरांत रोज पाहतात. तें बदलावयास कोणतीही परिषद येणार नाहीं.