बंदुकीची निगा आणि घरांतील साफसफाईचीं द्रव्यें

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या घरीं पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे. सन १९५९ च्या शस्त्र कायद्यांतहि पिकाच्या रक्षणाकरितां लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख केलेला आहे. परंतु परवान्यासाठीं कचेरीचे हेलपाटे घालतांना न थकणारे आपले बंधु, बंदूक घरीं आल्यावर तिची निगा कशी ठेवावी याचा विचार क्षणभरहि करीत नाहींत. बैलाच्या खुरांस जितकी काळजी मिळते, तितकीहि बंदुकीच्या नळीस मिळत नाहीं.

प्रस्तुत लेखकाची बरीच वर्षें महसूल खात्याच्या कारकुनींत गेलीं. परवान्याच्या नूतनीकरणाचे वेळीं ज्या बंदुका तपासणीस येत, त्यांत दोन जाती स्पष्ट दिसत. कांहीं तांबेऱ्यानें लालभडक झालेल्या, तर कांहीं कल्हई केल्याप्रमाणें पांढऱ्या चकचकीत. पहिल्यांचा मालक आळशी, हें उघडच आहे. परंतु दुसऱ्यांच्या उद्योगी मालकानें आपल्या बंदुकीचें अधिक नुकसान केलेलें असतें, ही गोष्ट मला फार उशिरां कळली. आणि ती स्वतःच्या घरांतील हानीनें कळली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

आमच्या घरीं वडिलांच्या वेळची एक ठासणीची बंदूक होती. त्यांच्या पश्चात् परवाना माझ्या नांवें झाला. एका निवडणुकीचे वेळीं नियमाप्रमाणें ती ठाण्यांत जमा केली व निकालानंतर परत आणली. नळीवर तांब धरलेली दिसली. घरांत संडास धुण्याच्या अम्लाची बाटली होती. जें फरशीचे डाग घालवितें तें लोखंडाचेहि घालवील, अशा समजुतीनें मीं तें चिंधीवर घेऊन नळी आंतून बाहेरून घासली. तांब गेली, नळी रुप्यासारखी झाली, आणि मीं समाधानानें ती भिंतीस टांगली. तिसरे दिवशीं पाहतों तों पूर्वीच्या दुप्पट तांब! मग पुन्हां अम्ल, पुन्हां तांब, असें तीनदां झालें. शेवटीं परवानाधारक कारागिराकडे नेली. त्यानें नळींत उजेड धरून पाहिलें व म्हटलें, “रावसाहेब, बुडाशीं खड्डे पडले आहेत. हींत आतां बार भरूं नका. एखादे दिवशीं तोंडावर फुटेल.” वडिलांनीं चाळीस वर्षें सांभाळलेली वस्तु मीं पंधरा दिवसांत निकामी केली.

त्यानंतर त्या कारागिरापासून व कांहीं वाचनानें जें समजलें, त्याचें सार असें कीं, बंदुकींतील मळ म्हणजे काय हें जाणल्याशिवाय तो काढावयास जाऊं नये. काळी दारू सोरा, गंधक व कोळसा यांची असते. ती जळतांना निम्म्याहून अधिक भाग वायुरूप न होतां घन राहतो. त्यांतला बराच धुराबरोबर जातो, उरलेला नळीस चिकटतो. हा थर मुख्यतः पालाशाचे क्षार व काजळी यांचा असून हवेंतील ओल शोषून घेतो, आणि ती ओल लोखंड खाते. कोंकणांतील पावसाळ्यांत एक रात्र देखील त्यास पुरे होते. हे क्षार पाण्यांत विरघळतात, तेलांत विरघळत नाहींत. म्हणून केवळ तेलाचा बोळा फिरवून बंदूक ठेवणें म्हणजे मळावर पांघरूण घालणें होय. जुन्या काडतुसांच्या टोप्यांतील रसायनापासूनहि मिठासारखाच क्षार उरत असे. म्हणूनच त्या काळीं इंग्रज फौजेंतील शिपाई गोळीबारानंतर नरसाळें लावून बंदुकीच्या नळींतून उकळतें पाणी ओतीत. अलीकडील काडतुसांच्या बहुतेक टोप्यांत तो दोष नाहीं. तरीपण जुन्या सांठ्यांतील काडतूस उडविल्यास नळी धुणेंच शहाणपणाचें.

आतां घरांतील एकेक वस्तु पाहूं. संडासाचें अम्ल, शिरका, लिंबू व चिंच यांचा धर्म एकच. तांब्यापितळेचीं भांडीं त्यांनीं उजळतात, म्हणून आपली त्यांवर श्रद्धा. परंतु बंदुकीच्या नळीवरील निळसर काळी झिलई ही स्वतः लोखंडाचीच एक प्रकारची आटोक्यांत ठेवलेली तांब आहे. जें अम्ल लाल तांब खातें, तें ही झिलईहि खातें व लोखंड उघडें पाडतें. त्यांतहि संडासाच्या अम्लाची वाफ इतकी वाईट कीं, त्याची बाटली असलेल्या कपाटांत बंदूक नुसती ठेवली तरी ती गंजते. कपडे पांढरे करण्याच्या द्रवांतील क्लोरीनचें द्रव्य पोलादास बारीक छिद्रें पाडतें. शिवाय तें अम्लांत मिसळल्यास विषारी वायु निघतो. कांचा पुसण्याच्या द्रवाची शिफारस पुष्कळ जण करतात. क्षार निघतो खरा, पण तो त्यांतील पाण्यानें. मग पाण्यासच कां विचारूं नये?

राखेविषयीं थोडें अधिक लिहितों; कारण तो आपल्या स्वयंपाकघरांतील जुना मान्य उपाय आहे. लांकडाच्या राखेंत जो पालाशाचा क्षार असतो, तोच दारूच्या मळांतहि असतो. म्हणजे राखेनें नळी घासणारा गृहस्थ एका हातानें मळ काढतो व दुसऱ्या हातानें तोच पुन्हां भरतो; वर तिच्या खरीनें झिलई झिजते ती निराळीच. विटकरीचा भुगा व भांडीं घासण्याची तारेची चोथीहि त्याच कारणास्तव वर्ज्य समजावी.

तेलांतहि भेद आहे. खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं थिजतें. थंडींत घोडा जड चालतो तो यामुळें. करडई व जवस यांचीं तेलें हवेनें सुकून चिकट पापुद्रा धरतात. म्हणून जवसाचें तेल लांकडी दस्त्यास उत्तम, पण यंत्रास घातक. रॉकेल चिकटा सोडवितें, परंतु क्षार काढीत नाहीं, आणि उडून गेल्यावर रक्षणासहि राहत नाहीं. इंजिनांतून काढलेल्या काळ्या तेलांत अम्ल व काजळी असते, तें लावूं नये. शिवणयंत्राचें स्वच्छ तेल किंवा इंजिनाचें नवें तेल मात्र चांगलें.

तेव्हां खरा उपाय घरांतच आहे, आणि तो अगदीं स्वस्त आहे. प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. ठासणीच्या बंदुकीचा गज रिकाम्या नळींत कोठवर जातो तेथें एकदां खूण करून ठेवावी. गज त्या खुणेपर्यंत न गेल्यास आंत बार आहे असें समजून पुढें हात लावूं नये. दारू, केप, काडतुसें व दिवा दुसऱ्या खोलींत असावीं. नळी दस्त्यापासून सुटत असल्यास सोडवावी, बुडाकडचें टोंक ऊन पाण्याच्या बादलींत धरावें व गजास ओली चिंधी गुंडाळून वर-खालीं करावी. पाण्यांत किंचित् सौम्य साबण असल्यास उत्तम. सडक्या अंड्यासारखा वास येईल. तो मळांतील गंधकाचा होय. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावें, मग उकळतें पाणी ओतून नळी तापवावी, म्हणजे ती आपोआप सुकते. कोरड्या चिंध्या फिरवून ऊन असतांनाच पातळ तेल द्यावें. चाप व घोड्याची कळ पाण्यांत बुडवूं नये. काडतुसाच्या बंदुकींत नव्या दारूचा मळ असेल तर नळीस पितळी कुंचला व हलकें तेल पुरतें. दुसरे दिवशीं पुन्हां चिंधी घालून पाहावी; ती तांबूस निघाल्यास पुन्हां धुवावें. आंत घातलेल्या चिंध्या मोजून बाहेर काढाव्या. नळींत राहिलेला एक बोळा नळी फोडण्यास पुरेसा असतो. चिंध्या जाळूं नयेत, स्वयंपाकाचीं भांडीं वापरूं नयेत व हात साबणानें धुवावे. कारण मळांत शिसें असतें. बार काढतांना पुढें पूर्ण तेलरहित नळी करूनच वापरावी, आणि ठेवतांना कातड्याच्या गवसणींत घालूं नये. ती ओल धरते.

नळींत खड्डे दिसल्यास घरगुती विद्या तेथेंच थांबवावी. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करावी. स्वतः जाणें शक्य नसेल तर ज्याच्या हातीं बंदूक पाठवाल, त्याजपाशीं आपला लेखी अधिकार द्यावा. कायद्यानें तो आवश्यक आहे.

कोणी म्हणेल, बंदूक वर्षांतून दोन वेळां उडते, तिच्यासाठीं एवढा खटाटोप कशाला? दोन वेळां उडते म्हणूनच. रोज चालणारा नांगर बिघडल्यास लागलीच कळतें. उरलेले दिवस भिंतीवर असलेली बंदूक कुजली आहे हें ती डोळ्यासमोर धरून चाप ओढल्यावरच कळतें. शिवाय आपल्या शेजारीं बहुधा मुलगा उभा असतो.

माझी व्यवस्थापक मंडळास नम्र सूचना आहे कीं, पावसाळ्याच्या तोंडाशीं तालुक्याच्या ठिकाणीं एक दिवस जाणत्या कारागिरास बोलावून सभासदांस हें काम प्रत्यक्ष दाखवावें, आणि बियाण्याबरोबर शिवणयंत्राच्या तेलाची एकेक कुपी व पितळी कुंचला यांची विक्री ठेवावी. खर्च थोडा आहे. माझ्या वडिलांची बंदूक आतां परत येणार नाहीं. इतरांच्या वडिलांच्या राहाव्या, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.