काचेचे वैभव आणि दुसरा दोर

पावसाळा सरला की बाणेर, खराडी किंवा सेनापती बापट रस्त्यावरून जाणाऱ्या पुणेकराला एक दृश्य हटकून दिसते. उत्तुंग व्यापारी इमारतीच्या काचेच्या भिंतीवर, दहाव्या-बाराव्या मजल्याच्या उंचीवर, दोराला टांगलेल्या फळीवर बसून एक माणूस काच पुसत असतो. आतील वातानुकूलित दालनातून तो क्षणभर दिसतो आणि खाली सरकतो. त्याचा दोर वर कशाला बांधला आहे, हा प्रश्न मात्र आत बसलेल्यांना सहसा पडत नाही. तो पडावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

जुन्या पुण्यातील वाड्यांची जोती काळ्या पाषाणाची. त्यांवरील धूळ फारशी दिसत नसे, आणि दिसलीच तर पावसाची एक सर पुरेशी होई. काचेचे आणि ॲल्युमिनियमच्या तक्त्यांचे तसे नाही. रस्त्यांची व बांधकामांची धूळ त्यांवर साचून राहते. कूपनलिकेच्या जड पाण्याने धुवावे, तर वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग उरतात. ते काढण्यासाठी हायड्रोफ्लोरिकसारखे आम्ल वापरावे, तर काचच कायमची अंधुक होते. तात्पर्य, अशी इमारत उभारणारा तिच्याबरोबरच एक जोखमीचे आणि कधीही न संपणारे काम निर्माण करीत असतो.

ते काम करतो कोण? धनी निगराणीचे कंत्राट एकाला देतो, तो पोटकंत्राटदाराला देतो, आणि अखेर चार तरुणांची टोळी गच्चीवर पोहोचते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने इमारतींची देखभालही आपल्या व्याख्येत घेतली होती. परंतु तो दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. त्याची जागा घेऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या संहितेनेही दहाचीच मर्यादा राखली आहे. चौघांची टोळी या चाळणीतून सहज गळून पडते. उंचीवरून पडणाऱ्याला मात्र अशी कोणतीही सवलत मिळत नाही.

वास्तविक दोरावरील कामाचा नियम साधा आहे. कामाचा दोर एक, जीव राखणारा दोर दुसरा, आणि दोन्ही स्वतंत्र आधारांना बांधलेले. सह्याद्रीचे कडे चढणारा पुण्याचा कोणताही गिर्यारोहक हे सांगू शकेल. जी खबरदारी हौसेसाठी घेतली जाते, ती पोटासाठी लोंबकळणाऱ्याला का नाकारावी? १६७० साली सिंहगडावर सूर्याजीने परतीचे दोर कापल्याची कथा येथील प्रत्येक मूल जाणते. तेथे स्वराज्य पणाला लागले होते. येथे पणाला लागलेली असते ती केवळ काचेची चकाकी. तिच्यासाठी दुसरा दोर वाचविणे ही काटकसर नव्हे, निष्ठुरता होय.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. गच्चीवर दोरांसाठी भार तपासलेले पक्के आधार असल्याखेरीज महापालिकेने अशा इमारतीला भोगवटापत्र देऊ नये. कंत्राटांची साखळी कितीही लांब असो, माणसाच्या सुरक्षिततेची आणि विम्याची जबाबदारी धन्यावरच राहावी. टोळी चौघांची असली तरीही. आणि तेथे जागा घेणाऱ्या कंपन्यांनी भाडेकरार करताना जसे वाहनतळाविषयी विचारले जाते, तसेच दुसऱ्या दोराविषयीही विचारावे.

हे सर्व होईपर्यंत वाचकांना एवढेच करता येईल. उद्या खिडकीबाहेर तो माणूस दिसला, तर त्याचे दोर मोजावेत. एकच दिसला, तर काम तत्काळ थांबवावयास सांगावे.