धानाच्या बांधीतला पाहुणचार

'गोंदियात पाहायला आहे काय?' असे म्हणत मित्रमंडळींची एक दिवसाची सहल बहुधा थेट नागझिऱ्याकडे वळते. वाघाचे मोल आम्ही जाणतो. तरी या अंकात आम्ही धानाच्या बांध्यांकडे निघालो आहोत. जपानमध्ये इझुमी शहराच्या भातखाचरांत दर हिवाळ्यात दहा हजारांहून अधिक क्रौंच उतरतात आणि ते बघायला लोक लांबून येतात. आपल्याकडे तर सारस आहे! उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, महाराष्ट्रात मुख्यतः याच जिल्ह्यात तगलेला. तो घरटे धानातही बांधतो. म्हणजे त्याचे जगणे शेतकऱ्याच्या सोसण्यावर उभे आहे.

गर्दीने घरटी उठतील, ही शंका रास्त आहे. म्हणूनच विणीचा पावसाळा टाळून, शेतमालकाला विचारून, बांधावर लांब थांबून, दुर्बिणीतून पाहावे, असा आमचा आग्रह आहे. पाहणारे चार मित्र परतताना तलाव आणि पाणथळ जागांबद्दल बोलू लागले, तर त्या बुजवणे अवघड होईल. अंकातले लेख याच वाटेने जातात. तुमच्या गावच्या तलावावर यंदा सारस दिसला का, ते आम्हाला जरूर लिहा. घरट्याची नेमकी जागा मात्र लिहू नका.