ट्रॅक्टरच्या गिअरपेटीला उष्णतेचा काटा हवा

जमीन तारण ठेवून ट्रॅक्टर घेतला, कीं सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो. महसूल खात्यांत अव्वल कारकून असतांना असे बोजे आम्ही कितीतरी पाहिले. परंतु यंत्र बिघडून दारांत उभें राहिलें म्हणून बोजा उतरला, असें एकही उदाहरण आमच्या स्मरणांत नाहीं. म्हणून यंत्राची देखभाल ही केवळ मिस्त्रीची बाब नसून खातेदाराची आहे, असें आमचें मत आहे.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पुतण्याच्या ट्रॅक्टरची गिअरपेटी गेली. दिवसभर रोटाव्हेटर चालवून सायंकाळीं त्यानें कांद्याची भरगच्च ट्रॉली महाळुंग्याहून चाकणच्या बाजारास नेली. रस्त्यावरील गर्दींत ट्रॉली थांबत-थांबत, हलक्या गिअरांत चालली होती. समोरचा काटा मध्यावर होता, म्हणून तो निर्धास्त राहिला. परंतु तो काटा इंजिनाच्या पाण्याची उष्णता दाखवितो, गिअरपेटीच्या तेलाची नव्हे. सील झिरपून तेल कमी झालें होतें आणि उरलेलें तापून पातळ झालें होतें. बेअरिंग व दोन गिअर खराब झाले. सुटे भाग येईतों मृग लागला. पाळी घालण्यास भाड्याचा ट्रॅक्टर मिळाला खरा. परंतु निघून गेलेला वाफसा भाड्यानें मिळत नाहीं.

पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, डिफरेन्शियल व लिफ्ट या तिहींचें तेल एकच असतें. तें फाजील तापलें म्हणजे दांत्यांमधील तेलाचा थर तुटतो, सील कडक होतात व लिफ्ट ओझें धरीनाशी होते. तेलाची उष्णता दर दहा अंशांनीं वाढली, कीं त्याचें आयुष्य सुमारें निम्मे होतें, असा ठोकळ नियम आहे. हा बिघाड डोळ्यांस दिसत नाहीं, हीच खरी अडचण.

यास उपाय म्हणजे गिअरपेटीच्या तेलासाठीं स्वतंत्र काटा. सेन्सर आणि काटा हे एकमेकांच्या जोडीचेच घ्यावेत. बसविण्यापूर्वीं सेन्सर उकळत्या पाण्यांत धरावा. आपल्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या किंचित् अलीकडेच उकळतें, तेवढा काटा दाखवील तर माल खरा. पेटीच्या ओतकामास भोंक कदापि पाडूं नये. असलेल्या बुचाच्या जागीं, त्याच आट्यांचा सेन्सर तांब्याच्या वायसरसह बसवावा. तो सदैव तेलांत बुडालेला असला पाहिजे. उघडा पडल्यास काटा खोटी थंडाई दाखवितो. वायर सायलेन्सरपासून दूर न्यावी व फ्यूज घालावा. हमीची मुदत असेल तर विक्रेत्याची लेखी संमति आधीं घ्यावी.

कोणी म्हणतील, वाडवडील हात लावून उष्णता ओळखीत. परंतु सत्तर अंश आणि शंभर अंश हातास सारखेच भाजतात, आणि चालत्या ट्रॅक्टरच्या पोटाखालीं हात घालणार कोण? तसेंच अमुक एक आंकडा सर्वांस लागू नाहीं. कंपनीचें पुस्तक प्रमाण मानावें. पहिले पंधरा दिवस तारीख, काम, ओझें आणि काट्याचा आंकडा वहींत मांडावा. आपल्या यंत्राची नेहमींची उष्णता एकदां कळली, म्हणजे त्याहून पुढें जाणारा काटा आपोआप बोलूं लागतो. मग ट्रॅक्टर उभा करून तेलाची पातळी, जाळी आणि ट्रॉलींतील ओझें, या क्रमानें तपासावें. ज्वर मोजल्यानें ज्वर उतरत नाहीं. परंतु वैद्याकडे वेळेवर जातां येतें.

आपल्या चाकणच्या परिसरांत २००९ सालीं फोक्सवॅगनचा आणि २०१० सालीं महिंद्राचा कारखाना सुरू झाला. वाहनांच्या कारखान्यांतून काम करणारीं मुलें आज आपल्याच घरांत आहेत. जमीन गेली, विद्या तरी घरीं यावी! संस्थेनें एक काटा विकत घ्यावा, एखाद्या सुटीच्या दिवशीं या मुलांकडून तो सभासदांसमक्ष बसवून दाखवावा, आणि पुढें ज्यास हवा त्यास मूळ किंमतींत मिळवून द्यावा, अशी आमची सूचना आहे. उरलेल्या चार एकरांवरचा बोजा फेडावयाचा आहे तो याच ट्रॅक्टरच्या कमाईंतून, हें विसरून चालणार नाहीं.